काठ आणि भिंग

समुद्रकिनाऱ्याचे छायाचित्र कसे काढावे याचा एक जुना दंडक आहे. भिंगाचे छिद्र लहान ठेवा, एफ/११ किंवा एफ/१६. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवा. पायाजवळच्या खडकापासून क्षितिजावरच्या होडीपर्यंत सगळे रेखीव आले पाहिजे. छायाचित्रणाच्या बहुतेक पुस्तकांत हेच सांगितलेले असते आणि त्यात गैर काही नाही. डोळ्यांपुढे एवढा विस्तार पसरलेला असताना त्यातले काही गाळावे तरी कशाला? आम्ही मात्र गेली काही वर्षे याच्या उलट उद्योग करीत आहोत. छिद्र जेवढे उघडेल तेवढे उघडायचे, एकच वस्तू रेखीव ठेवायची आणि बाकीचा काठ धूसर होऊ द्यायचा. या उद्योगात आम्हांला काय गवसले आणि कुठे अडले, ते इथे मांडतो.

मोर्शीत राहणाऱ्याने किनाऱ्याच्या गोष्टी सांगाव्यात याचे वाचकांना हसू येईल. अरबी समुद्र आमच्यापासून सातशे किलोमीटरांच्या आसपास. आमचे गाव संत्र्यांचे, कपाशीचे आणि उन्हाळ्यातल्या धुळीचे. पण एक सागर आमच्याकडेही आहे, निदान नावाने तरी. मोर्शी तालुक्यात सिंभोरा गावाजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. १९९३ साली ते पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात. तेरा दरवाजांचे हे धरण. अमरावती शहर त्याचेच पाणी पिते. पावसाळ्यात दरवाजे उघडले की अमरावतीपासूनची माणसे गाड्या भरभरून ते पाहायला येतात. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. आमच्या सागराला वर्षातून एकदाच, ऑगस्ट-सप्टेंबरात. मग हळूहळू ओहोटी लागते, ती मेअखेरपर्यंत. या लांबलचक ओहोटीत जो काठ उघडा पडतो, तो आमचा किनारा.

निसर्गचित्राकडेच आम्ही का वळलो, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. आमच्या घरांत तसवीर हा नाजूक विषय आहे. सजीवाची तसवीर काढावी की नाही, कॅमेऱ्यात उमटते ती तसवीर की आरशासारखा नुसता अक्स, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. झाडे, पाणी, डोंगर यांना मात्र कोणाचीच हरकत नाही. हजरत इब्ने अब्बास यांनी एका चित्रकाराला झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिल्याची रिवायत प्रसिद्धच आहे. तेव्हा आम्ही कॅमेरा घेतला, तो झाडापाण्यासाठी. घरात वाद नको आणि मनात खटका नको. सुरुवातीची दोन वर्षे आमच्या एकाही चित्रात माणूस नाही. एखादा चुकून चौकटीत आलाच, तर तो निघून जाईपर्यंत आम्ही थांबायचो.

आमच्या दादीचा एकच फोटो घरात आहे, मतदार ओळखपत्रावरचा. अंगठ्याच्या नखाएवढा. फोटो काढून घ्यायला ती कधी तयार होत नसे. ओळखपत्राला बसली ती गरज म्हणून. ती गेली तेव्हा तिचा चेहरा धाकट्या नातवंडांना दाखवायला आमच्याजवळ एवढाच कागद उरला. पदर कपाळापर्यंत, डोळे मिटल्यासारखे. तिच्या मर्जीबद्दल आम्हांला तक्रार नाही. पण माणूस चौकटीबाहेर ठेवला की तो पुढे कुठल्याच चौकटीत सापडत नाही, हे त्या कार्डाकडे पाहताना मनात येऊन गेले.

आता थोडे भिंगाविषयी. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मराठी शाळेत ज्याला भिंग म्हणतात, त्याला आमच्या पुस्तकात ‘अदसा’ म्हणतात. बहिर्वक्र भिंग म्हणजे मुहद्दब अदसा, अंतर्वक्र म्हणजे मुक़अर अदसा. हा शब्द अरबीतल्या ‘अदस’वरून आला, आणि अदस म्हणजे मसूर. कुरआनात सूरह बक़रामध्ये मसुरीसाठी हाच शब्द आहे. गंमत अशी की इंग्रजीतला लेन्स हा शब्दही लॅटिनमधल्या मसुरीच्याच नावावरून आलेला. दोन्ही बाजूंनी फुगीर काच पाहिली आणि दोन वेगळ्या भाषांतल्या माणसांना एकच डाळ आठवली. वर्गात आम्ही मसुरीचा अख्खा दाणा हातात देऊनच हा धडा सुरू करतो. पोरांना व्याख्या पाठ करावी लागत नाही.

भिंगामागचे छिद्र म्हणजे अॅपर्चर. त्याचे आकडे नवख्याला उलटे वाटतात. एफ/१.८ म्हणजे मोठे छिद्र, एफ/१६ म्हणजे लहान. कारण तो भागाकार आहे: नाभीय अंतराला त्या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास निघतो. आमच्याकडचे भिंग ५० मिलिमीटरचे, जुने, एका फोटोग्राफरकडून घेतलेले. एफ/१६ वर त्याचे छिद्र सुमारे ३ मिलिमीटरचे, ज्वारीच्या दाण्याहून लहान. एफ/१.८ वर ते जवळजवळ २८ मिलिमीटरचे, जुन्या रुपयाच्या नाण्याहून मोठे. आत येणाऱ्या उजेडात सुमारे ८० पटींचा फरक पडतो.

फरक फक्त उजेडाचा नाही. आमच्या कॅमेऱ्यावर एफ/१६ ला आठ-सव्वाआठ मीटरवर नेम धरला, तर चार मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळे रेखीव येते. तेच भिंग एफ/१.८ ला उघडून तीन मीटरवरच्या वस्तूवर नेम धरा: रेखीव पट्टा उरतो फक्त पाव मीटरचा. एक वीत पुढे धूसर, एक वीत मागे धूसर. अख्ख्या सागरातून पंचवीस सेंटिमीटर तेवढे तुमच्या हाती.

असे का होते, हे आम्ही २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात वर्गाला दाखवले होते. सकाळची वेळ. आमच्याकडे ग्रहण खंडग्रास होते. पुठ्ठ्याच्या एका तुकड्याला टाचणीने भोक पाडले, दुसऱ्याला रुपयाएवढे कापले. टाचणीच्या भोकातून जमिनीवर पडली ती सूर्याची कोर, ईदच्या चांदसारखी. रुपयाच्या भोकातून नुसता गोल उजेड. लिंबाच्या झाडाखाली तर पानांतल्या फटींनी शेकडो कोरी अंथरल्या होत्या. हजार वर्षांपूर्वी नेमकी हीच गोष्ट इब्न अल-हैसम यांनी तपासली होती. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेला हा माणूस पुढे कैरोत स्थायिक झाला. वस्तूवरून उजेड डोळ्यात येतो आणि म्हणून आपल्याला दिसते, हे त्यांनी ‘किताब अल-मनाज़िर’मध्ये मांडले. ग्रहणावरच्या एका वेगळ्या ग्रंथात त्यांनी दाखवले की छिद्र लहान असेल तर कोर उमटते, आणि छिद्र मोठे करीत गेलो की कोर विरघळून गोल होते. छिद्रातल्या प्रत्येक बिंदूतून सूर्याची एकेक प्रतिमा येते. छिद्र मोठे झाले की अशा असंख्य प्रतिमा एकमेकींवर सरकून पडतात आणि कडा हरवतात. २०१५ हे प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा जगभर त्यांची आठवण काढली गेली. त्यांच्याविषयी असेही सांगतात की नाईल नदीला बांध घालून पूर आवरण्याचे काम खलिफा अल-हाकिम यांनी त्यांच्यावर सोपवले होते; जागा पाहिल्यावर हे होणारे नाही हे त्यांना कळले आणि खलिफाच्या रागापासून वाचण्यासाठी त्यांनी वेडाचे सोंग घेतले. धरणाच्या काठावर भिंग घेऊन बसताना ही गोष्ट आठवतेच.

भिंग असले की एक सोय होते. उघड्या छिद्रातूनही एका ठरावीक अंतरावरची वस्तू ते रेखीव करून देते, कारण तिथून आलेले सगळे किरण ते पुन्हा एका ठिकाणी आणते. बाकीची अंतरे मात्र त्या ग्रहणातल्या गोल उजेडासारखी पसरतात. उघड्या छिद्राचे चित्र म्हणजे निवड. काय वाचवायचे आणि काय पसरू द्यायचे, हे आधी ठरवावे लागते.

या निवडीचा सराव आम्ही सिंभोऱ्याच्या काठावर केला. पहिला धडा उजेडाने शिकवला. वऱ्हाडातल्या दुपारच्या उन्हात एफ/१.८ चालतच नाही. आयएसओ १०० ठेवले तरी सेकंदाचा आठ-हजारावा भाग लागतो, आणि आमच्या कॅमेऱ्याची झेप चार-हजाराव्या भागापर्यंत. एक तर भिंगावर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावा, नाही तर ऊन उतरायची वाट पाहा. काच महाग होती, वाट पाहणे फुकट होते. आम्ही फजरची नमाज पढून निघायचो. मोर्शीच्या बाजूच्या काठावरून पाणी पूर्वेला दिसते, त्यामुळे सूर्य पाण्यातून वर येतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटे उघड्या छिद्राची.

दुसरा धडा जमिनीचा. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणला की ओल्या गाळावर रेखीवपणाचा पट्टा डोळ्यांना दिसतो: एक आडवी चिंचोळी पट्टी, जिच्यातले शिंपले, बगळ्याची पावले, गाळाला पडलेल्या भेगा, सगळे कोरून काढल्यासारखे, अलीकडे-पलीकडे धुके. पाण्यावर ऊन चमकत असेल तर दूरचा प्रत्येक चमकता ठिपका गोल टिकली होऊन येतो. छिद्र थोडे आवळले की याच टिकल्या पंचकोनी होतात, कारण आमच्या जुन्या भिंगात छिद्र आवळणारी पाती पाचच आहेत. क्षितिजाची रेघ उरत नाही, पाणी आणि आभाळ एक होते. पूर्ण उघड्या भिंगाने कोपरे थोडे काळवंडतात. उलट एफ/१६ वर आमच्या धुळीच्या मुलखात कॅमेऱ्याच्या आत बसलेला प्रत्येक कण आभाळात काळा ठिपका होऊन दिसतो, एफ/१.८ वर तेच कण नाहीसे होतात. गुण-दोष दोन्हीकडे आहेत.

हा वाद आमच्या आधी मोठ्या माणसांनी घालून ठेवला आहे. १८८६ साली पीटर हेन्री इमर्सन या इंग्रज छायाचित्रकाराने नॉरफोकच्या दलदली आणि पाणथळ जागांवरची चित्रे प्रसिद्ध केली. बोरू कापणारे, होड्या वल्हवणारे, जाळी ओढणारे लोक. १८८९ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहून मांडले की माणसाचा डोळा एका वेळी एकच ठिकाण स्पष्ट पाहतो, म्हणून चित्रातही मुख्य वस्तू तेवढी रेखीव असावी आणि बाकीचे किंचित मऊ. त्यावर मोठा गदारोळ झाला. गंमत म्हणजे १८९० च्या सुमारास इमर्सन यांनी स्वतःच आपली भूमिका मागे घेतली. पुढे १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी एक मंडळ काढले आणि त्याचे नावच ठेवले एफ/६४. मोठ्या कॅमेऱ्यांवरचे सर्वांत लहान छिद्र. दगडाचा कण न् कण दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पॉइंट लोबोसच्या किनाऱ्यावर वेस्टन यांनी काढलेले खडक पाहिले की तो आग्रह पटतो. इमर्सन यांच्या दलदलीतली माणसे पाहिली की तेही पटते. फरक एवढाच जाणवतो की वेस्टन यांच्या त्या किनाऱ्यावर खडक आहेत आणि इमर्सन यांच्या काठावर माणसे.

खरा समुद्र आम्ही २०२२ च्या डिसेंबरात पाहिला. रायगड जिल्ह्यात मुरूडला तीन दिवस मुक्काम होता. जंजिरा पाहायचा होता, तो राजपुरीच्या धक्क्यावरून. पाण्यात उभा असलेला सिद्दींचा हा किल्ला कोणालाच जिंकता आला नाही. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले तेव्हाच तो दुसऱ्यांच्या ताब्यात आला. धक्क्यावर उतरणारा प्रत्येक जण पहिला फोटो किल्ल्याचा काढतो. आम्हीही काढला, एफ/११ वर. चांगला आला. तसाच फोटो मागे उभ्या असलेल्या चाळीस लोकांच्या मोबाइलमध्येही चांगलाच आला असणार.

मग छिद्र उघडले. पुढे एक म्हातारे चाचा शिडाच्या होडीचा दोर धक्क्याला गुंडाळत होते. आम्ही विचारले, “चाचा, फोटो काढू का?” ते म्हणाले, “काढा की.” दोन मीटरवर त्यांचे हात. आमच्या भिंगाला तिथे अकरा सेंटिमीटरांचा पट्टा मिळतो. त्यात दोराचे पीळ, बोटांच्या पेरांवरच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा, नखातला डांबराचा काळा. मागे जंजिरा होता, पण एक करडा डाग म्हणून. चाचांनी पडद्यावर पाहिले आणि विचारले, “किल्ला कुठे गेला?” आम्ही बोट ठेवून डाग दाखवला. ते हसले. म्हणाले, “किल्ल्याचा सगळेच काढतात. हा मला पाठवा, मुलाच्या नंबरवर.”

त्या संध्याकाळी मुरूडच्या वाळूवर बसून आम्ही दिवसभराची चित्रे पाहत होतो. सूर्य समोर पाण्यात बुडत होता. आमच्याकडे तो पाण्यातून निघतो, एवढाच उलटा हिशेब. झाडापाण्याची म्हणून सुरू केलेल्या आमच्या हौसेत त्या दिवशी पहिल्यांदा माणूस आला होता, तोही चित्राचा मुख्य विषय होऊन. आणि आम्हांला आमच्याच माणसांची आजवरची छायाचित्रे आठवली.

वर्तमानपत्रांत ईदच्या दुसऱ्या दिवशी जो फोटो येतो, तो सर्वांना पाठ असेल. ईदगाह, उंचावरून टिपलेले सजदे, रांगाच रांगा, शेकडो पांढऱ्या टोप्या. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे रेखीव. फोटो सुंदर असतो, काढणाऱ्याची नियतही चांगली असते. पण त्यात चेहरा एकही नाही. वर्षानुवर्षे हाच फोटो पाहून शेजारच्या माणसाच्या मनात आमचे जे रूप तयार होते, ते रांगेचे. त्यातला एक पंक्चर काढतो, एक संत्र्याच्या बागा खोतीने घेतो, एकाची मुलगी यंदा बारावीला आहे, हे त्या चित्रात दिसायला जागा नाही. लहान छिद्र सगळ्यांना सारखा न्याय देते असे वाटते. पण सगळेच सारखे रेखीव असले की नजर कोणावरच थांबत नाही. गर्दीतल्या एका माणसाला ओळखायचे तर बाकीच्यांना क्षणभर मागे सरकावे लागते.

आमच्या सागराच्या नावातच ही गोष्ट आहे. दमयंती विदर्भाची राजकन्या. स्वयंवरात चार देव नळाचे रूप घेऊन बसले आणि तिच्यापुढे पाच सारखे नळ आले. तिने खरा नळ ओळखला तो त्याच्या माणूसपणावरून. त्याची सावली पडत होती, पापणी लवत होती, अंगाला घाम होता, पाय जमिनीला टेकलेले होते. वऱ्हाडातल्या शाळेत ही कथा आम्ही लहानपणी ऐकली, तेव्हा ती चातुर्याची कथा वाटली होती. आता ती पाहण्याची कथा वाटते.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण सिंभोऱ्याच्या काठावर आमच्या या मताला एका माणसाने हरकत घेतली, आणि ती हरकत सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर करतात. काकडी, डांगर, भाजीपाला. २०२४ च्या एप्रिलात एका गाळपेर करणाऱ्या काकांचे चित्र आम्ही काढले. वय सत्तरीच्या आसपास, डोक्याला शेला, हातात विळा. एफ/१.८. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती आली. मागचे पाणी म्हणजे निळसर, मऊ, काहीच नसलेले. आमच्या आजवरच्या चित्रांत ते उजवे होते. छापून प्रत त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती लांब धरून बराच वेळ पाहिली.

“मी तं मस्त आलो, मास्तर. पन माह्या मांगं काय हाये, थे नाही दिसून राह्यलं.”

“मांगं तं पानीच हाये, काका.”

“पानीच हाये. पन त्या पान्यात आमचं गाव हाये. थे पुसल्यावानी झालं.”

आम्ही गप्प राहिलो. त्यांनी विळ्याने पाण्यातली एक जागा दाखवली. तिथे वाळलेल्या झाडांची दोन-तीन खोडे वर आलेली होती. मे संपता संपता तिथे जुन्या बांधाची ओळही दिसते, असे ते म्हणाले. त्यांना ती जागा ठाऊक होती. आमच्या चित्रात ती कोणालाच कळणार नव्हती.

अप्पर वर्धाचे प्रकल्पग्रस्त ही मोर्शीला नवी गोष्ट नाही. धरण पूर्ण होऊन तीस वर्षे झाली तरी वाढीव मोबदला, पर्यायी जमीन आणि नोकऱ्या या मागण्या चालूच राहिल्या. २०२३ मध्ये त्यांनी मोर्शीत दीर्घकाळ धरणे धरले, आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस त्यांच्यातल्या काही जणांनी मुंबईत मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. दिवसभर ती दृश्ये दूरचित्रवाणीवर चालली. जाळी आणि तिच्यावरची माणसे, वरून दिसणारी. ईदगाहच्या फोटोत आणि त्या दृश्यात आम्हांला फार अंतर वाटले नाही. दोन्हींत माणूस रांगेचा किंवा घोळक्याचा एक भाग होता. त्यावरचा उपाय म्हणून आम्ही एकाच माणसावर नेम धरत होतो. पण काकांचे म्हणणे त्याच्याही पुढचे होते. माणूस एकटा रेखीव केला आणि त्याच्या मागचे गाव पुसून टाकले, तर तो चांगला दिसतो, पण तो इथे गाळात का बसला आहे, हे कोणाला विचारावेसे वाटत नाही. सुरकुत्या दिसतात, सुरकुत्यांचे कारण दिसत नाही.

आज तर ही धूसरता सर्वांच्या खिशात आली आहे. मोबाइलचा संवेदक इतका छोटा असतो की एफ/१.८ लिहिलेल्या त्याच्या भिंगातूनही जवळपास सगळे रेखीव येते. म्हणून पोर्ट्रेट मोडमध्ये मोबाइल माणसाची कडा हिशेबाने शोधतो आणि मागचे सगळे स्वतः पुसतो. केसांच्या टोकांशी, ओढणीच्या काठाशी त्याचा हिशेब फसतो, पण लग्नाच्या फोटोत ते कोण पाहते? मागचा पसारा, पोपडे आलेली भिंत, अर्धवट बांधलेली खोली, सगळे एका बोटाने नाहीसे. आमचे विद्यार्थी घरी फोटो काढताना आधी तेच बटण दाबतात. पोरांना आपले घर लपवावेसे वाटते, हे शिक्षकाला कळते, आणि बोलावे काय ते सुचत नाही.

काकांच्या बोलण्यानंतर आम्ही दोन्ही टोकांच्या मधल्या आकड्यांवर काम सुरू केले. एफ/५.६ वर तीन मीटरवरच्या माणसाला पाऊण मीटरचा पट्टा मिळतो: चेहरा, खांदे, हातातला विळा. मागचे तेवढे रेखीव येत नाही, पण एफ/१.८ च्या मानाने त्याचा पसरटपणा एक-तृतीयांशावर येतो. खोड हे खोड म्हणून ओळखू येते. पाणी कुठे संपते आणि पलीकडचा काठ कुठे सुरू होतो, तेही कळते. नजर आधी माणसावर थांबते, आणि मग मागे जाते. आम्हांला हवे होते ते एवढेच. धूसर चालेल, पुसलेले नको. हा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा निघतो. माणूस किती जवळ आहे, मागची वस्तू किती दूर, भिंग कोणते, यावर तो ठरतो. काठावर उभे राहून दोन-तीन आकडे काढून पाहावे लागतात आणि शक्य असेल तर त्या माणसालाच दाखवावे लागतात. तुमच्या मागचे काय राहू द्यायचे, हे विचारायला त्याच्याइतका जाणकार दुसरा कोण?

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. पाणी आणखी खाली गेले होते. काकांनी स्वतःच जागा निवडली, तीही कॅमेऱ्याच्या हिशेबाने नाही, गावाच्या हिशेबाने. “इथूनच थे खोडं बराबर मांगं येते,” म्हणाले. उजेड सकाळचा होता, एफ/५.६ ला पुरेसा. त्या चित्राची एक प्रत त्यांच्या घरी भिंतीवर आहे. आमची पहिली प्रतही त्यांनी टाकली नाही. ती त्यांच्या सुनेने कपाटाच्या आतल्या बाजूला लावली आहे, कारण तिला सासऱ्यांचा चेहरा त्यातच जास्त आवडतो. तिचेही बरोबर आहे.

जुलैत शाळेत भिंगांचा धडा आला, तेव्हा दोन्ही चित्रे आम्ही वर्गात शेजारी-शेजारी लावली. मसुरीचे दाणे वाटून झाले, आकृत्या काढून झाल्या. मुलांना सांगितले, दोन्ही चित्रांसमोर उभे राहा आणि जे विचारावेसे वाटेल ते विचारा. पहिल्या चित्रासमोर सगळ्यांचा प्रश्न एकच होता: हे बाबा कोण आहेत? दुसऱ्यासमोरही आधी तोच आला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी चित्राच्या अगदी जवळ गेली, खोडांवर बोट ठेवले आणि म्हणाली, “सर, ये पीछे पानी में क्या है?”

त्या दिवशी अदसा बाजूला राहिला. तासाचा उरलेला वेळ आम्ही धरणाविषयी बोललो.